पर्यवेक्षक नसलेला खेळ

आधीच सांगून ठेवते, मला गोल्फमधलं काही कळत नाही आणि कळून घ्यायची हौसही नाही. एवढासा चेंडू, एवढंसं भोक, आणि दोघांच्या मध्ये एवढं थोरलं मैदान ठेवायला कुणी सांगितलं होतं? भोक जरा जवळ खणलं असतं तर सगळे वेळेवर घरी आले असते. हे मी आमच्या सरांना एकदा तोंडावर सांगितलं. त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे असं बघितलं, जसं मी गणिताच्या पेपरात कविता लिहून ठेवलीय. मग म्हणाले, "सूनबाई, तुमची दोन्ही उत्तरं चुकलीत." मी प्रश्न एकच विचारला होता, पण सरांशी कोण वाद घालणार!

सर म्हणजे माझे सासरे. घरात त्यांना सगळे सरच म्हणतात, त्यांचा स्वतःचा मुलगासुद्धा. लग्न होऊन आले तेव्हा मी त्यांना "बाबा" अशी हाक मारली, तर त्यांनी मागे वळून बघितलं, दुसरं कुणी आलंय का म्हणून. तेव्हापासून मीही मुकाट्याने सर म्हणायला लागले. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या, त्यामुळे या माणसाला वळण कसं लावायचं हे सांगायला कुणी नव्हतंच.

शाळेत ते गणित शिकवायचे, पण त्यांचं नाव झालं ते गणितामुळे नाही, परीक्षेमुळे. ज्या वर्गावर सर पर्यवेक्षक, त्या वर्गातल्या पोरांचं आदल्या दिवशीच धाबं दणाणायचं. पोरांनी त्यांना घार म्हणायला सुरुवात केली होती. बाहीत लपवलेली चिठ्ठी, तळहातावर लिहिलेलं सूत्र, पट्टीच्या मागे कोरलेला सन, सगळं त्यांना दारातूनच दिसायचं. परीक्षा सुरू असताना ते वर्गाकडे कधी पाठ करत नसत. फळ्यावर वेळ लिहायची झाली तरी तिरके उभे राहून लिहायचे. ज्यांच्या उत्तरपत्रिका त्यांनी भर वर्गात काढून घेतल्या, त्यातला एक माझा नवरा.

होय, पोटचा पोरगा. शेजारच्या बाकावर नजर गेली एवढंच निमित्त. नवरा आजतागायत सांगतो, "माझी शाई संपली होती, मी पेन मागत होतो." सर आजतागायत सांगतात, "पेन मागणारा माणूस पेनाकडे बघतो, पेपराकडे नाही." त्याचं वर्ष गेलं. आता तो लिफ्ट दुरुस्त करतो, चांगलं चाललंय, पण दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टमध्ये जरी ती गोष्ट निघाली तरी त्याचे कान लाल होतात. बापलेक एका टेबलावर जेवतात, मीठ हवं असलं की दोघं माझ्याकडे मागतात, भांडं त्यांच्या दोघांच्या मधोमध असलं तरी.

निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी सरांना रोज चालायला सांगितलं. "नुसतं चालत सुटायला मी काय पोस्टमन आहे?" असं म्हणून ते आठवडाभर रुसून बसले. मग एक दिवस जुन्या काठ्यांची पिशवी खांद्याला लावून घरी आले. आमच्या इथे कागदाचा कारखाना आहे. त्याच्या साहेबांनी कधीकाळी स्वतःपुरतं गोल्फचं मैदान करून घेतलं होतं. साहेब लोक गेले, कारखाना निम्म्यावर आला, आणि मैदान वर्गणी भरेल त्याला खुलं झालं. त्यामुळे तिथे कोण नाही? भांड्यांचा दुकानदार आहे, नर्सबाई आहेत, आणि आता घार.

झालं, घराचं मैदान झालं. बोळातून जावं तर सर एका डोळ्याने जमीन मोजतायत. पाणी प्यायला पेला घ्यावा तर तो आडवा होऊन भिंतीशी पडलेला, आत चेंडू. एकदा मी सोफ्यावर टेकले आणि किंचाळलेच. सर धावत आले आणि पहिलं वाक्य काय बोलले असतील? "हलू नका, तो जिथे आहे तिथूनच मारायचा असतो!" त्या दिवशी मी भाजीत मीठ घातलं नाही. मुद्दाम.

तेव्हाच त्यांनी मला या खेळाचा मोठा नियम समजावला. चेंडू जिथे पडला तिथूनच मारायचा. हात लावायचा नाही, पाय तर अजिबात नाही. आपण किती फटके मारले ते आपणच सांगायचं, आणि ज्याचे फटके कमी तो वर. मी विचारलं, "आणि बघायला कोण असतं?"

"कुणी नसतं."

"पंच?"

"नाही."

"पर्यवेक्षक?"

"सूनबाई, या खेळात प्रत्येक जण स्वतःचा पर्यवेक्षक असतो," सर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला पटलंच नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या बाह्या झटकणाऱ्या माणसाला असला खेळ का आवडावा? मी दिवसभर बस डेपोत चौकशीच्या खिडकीत बसते. काचेपलीकडचा माणूस तोंड उघडायच्या आत खरं बोलणार की थाप मारणार हे मला कळतं. मनात म्हटलं, यात काहीतरी पाणी मुरतंय.

मग आमच्याकडे माझे वडील राहायला आले. अण्णा शिंपी. गळ्यात टेप आणि कानावर खडू, हे इतकी वर्षं, की दोन्ही काढल्यावर ते मला ओळखू येईनात. त्यांचा उजवा हात एकाएकी लुळा पडला. औषधपाण्याने उचलायला लागले, पण सुईत दोरा ओवणं संपलं. आई नाही, दुकान बंद, एकटं कसं ठेवणार? मी हट्टाने घेऊन आले. मागच्या खोलीत खिडकीशी खुर्ची टाकली, आणि अण्णा त्या खुर्चीत बसले ते बसलेच. लेकीच्या सासरी आपण ओझं झालो हे त्यांच्या मनाने घेतलं. पाणी हवं असलं तरी विचारायचे, "पोरी, पेला घेऊ का?" अंगाचा असा संताप व्हायचा माझ्या! मी ओरडायचे, मग स्वयंपाकघरात जाऊन रडायचे, मग पुन्हा ओरडायचे. डॉक्टर बजावत होते की हा माणूस चालला नाही तर दुसराही हात जाईल, पाय जातील. अण्णा मान हलवायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. तिथे समोरच्या इमारतीची भिंत होती, दुसरं काही नव्हतं.

एका सकाळी सर त्या खोलीच्या दारात उभे राहिले. म्हणाले, "व्याही, डावा हात ठीक आहे ना?"

अण्णा म्हणाले, "डाव्याने काय होतंय सर? शिवायला उजवा लागतो."

"शिवायला लागत असेल. गोल्फला डावा लागतो. उजव्याने फक्त सोबत करायची. उठा."

अण्णा उठले. मी आठ महिने घसा फोडला तेव्हा उठले नाहीत, आणि घारीने एक झडप घातली तर उठले. मला आनंद झाला का? झाला. राग आला का? तोही आला.

त्यानंतर आमच्या घराची तऱ्हाच बदलली. दोघे व्याही सकाळी चहा घेऊन निघायचे, उन्हं चढायच्या आत परतायचे. दोघांचे चेंडू ओळखू यावेत म्हणून सरांनी आपल्या चेंडूवर लाल शाईने बरोबरची खूण केली. जन्मात कुणाला सहजासहजी न दिलेली ती खूण त्यांनी चेंडूला दिली. अण्णांनी आपल्या चेंडूवर शिंप्याच्या मेणाच्या खडूने निळी फुली काढली. खडू पुसट व्हायचा, मग ते रोज सकाळी दाराशी बसून ती फुली नव्याने गिरवायचे. कानावर खडू परत आला. जेवताना बोलायला लागले. पेला विचारून घेणं बंद झालं. उलट एकदा म्हणाले, "पोरी, ही भाजी जरा कच्चीच राहिलीय." मी आत जाऊन नाचायचीच बाकी होते.

एकदा मी त्यांना विचारलं, "अण्णा, खरं सांगा, या खेळात आहे काय एवढं?"

"अगं, बहुतेक फटके वाकडेच जातात," ते म्हणाले. "पण एखादा असा बसतो, हाताला काही लागलंय असं वाटतच नाही. चेंडू मनात होता तिथेच जाऊन थांबतो. बाही पहिल्याच मापात चपखल बसावी तसं. गिऱ्हाईक हात वर करतं, खाली करतं, कुठे ओढ नाही. तेवढ्या एका फटक्यासाठी उद्या परत जायचं." आणि मग हळूच म्हणाले, "आणि हल्ली माझे चेंडू पडतातही चांगल्या जागी. झाडाकडे गेला असं वाटतं, जाऊन बघावं तर मोकळ्या गवतावर. हात सुधारतोय माझा." ते हसले, आणि मी देवाचे आभार मानले.

आता खरी गोष्ट. क्लबाचा वर्षातून एकदा सामना असतो. मागच्या सामन्यात अण्णा शेवटून पहिले आले. लोक वाईट नव्हते. त्यांनी टाळ्या वाजवल्या, जरा जास्तच. त्या टाळ्या अण्णांना झोंबल्या. घरी येऊन म्हणाले, "यंदा झालं ते झालं. पुढच्या वेळीही शेवटचाच आलो तर काठ्या परत करणार. दयेच्या टाळ्या मला नकोत." अण्णा बोलायला मऊ, पण एकदा बोलले की बोलले. काठ्या परत म्हणजे पुन्हा ती खुर्ची आणि ती समोरची भिंत, हे मला लख्ख दिसत होतं.

सामन्याला थोडे दिवस उरले असताना माझी सुट्टी होती. अण्णा गोळी विसरून गेले होते, ती द्यायला मी मैदानावर गेले. फाटकाने जायचा कंटाळा आला म्हणून मागच्या कुंपणाच्या फटीतून शिरले. झाडांच्या आडून बघते तर सर. एकटे. मुळांच्या बेचक्यात एक चेंडू पडलेला. सरांनी डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. हुबेहूब पट्टीच्या मागचा सन वाचणाऱ्या पोरासारखं! आणि मग बुटाच्या टोकाने तो चेंडू अलगद बाहेर गवतावर लोटला. इतका अलगद, की सराव असल्याशिवाय जमणार नाही.

मला काय वाटलं सांगू? उकळ्या फुटल्या! घार कॉपी करते! मी तोंडावर पदर दाबून तिथल्या तिथे बसले. गोळी कशीबशी अण्णांच्या हातात कोंबली आणि घरी आले ती नवऱ्याची वाट बघत.

नवऱ्याने ऐकलं आणि हातातला घास ताटात ठेवला. "सर? पायाने?"

"पायाने."

"शपथ घे."

"तुझी शपथ."

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मी पाणी दिलं. डोळे पुसत तो म्हणाला, "माझं एक वर्ष, बरं का. एक अख्खं वर्ष." दुसऱ्या दिवशी त्याने काय करावं? क्लबाचे सेक्रेटरी म्हणजे इथले दाताचे डॉक्टर. माणूस नियमाचा एवढा पक्का, की डबक्यातला चेंडू काठीने सरकवला म्हणून त्यांनी मागे एकाचं नाव क्लबाच्या पाटीवरून रंग फासून पुसलं होतं. त्यांच्या दवाखान्याच्या इमारतीतली लिफ्ट बिघडली होती. नवरा ती दुरुस्त करायला गेला आणि निघता निघता सांगून आला, "डॉक्टर, सामन्याच्या दिवशी जरा आमच्या सरांच्या पायांवर लक्ष ठेवा." घरी आला तो शीळ घालत.

त्याच आठवड्यात मी सरांचे पांढरे कॅनव्हासचे बूट धुवायला घेतले. उजव्या बुटाच्या टोकाला डाग. साबण लावला, घासला, जाईना. उजेडात नेऊन बघितला तर निळा.

मी शिंप्याची मुलगी. तो निळा रंग माझ्या लहानपणीच्या प्रत्येक फ्रॉकच्या घेराला होता. शिंप्याचा मेणाचा खडू कापडाला लागला की सहजासहजी जात नाही. सरांच्या स्वतःच्या चेंडूवर तर लाल खूण असते. मग बुटाला निळं कुठून आलं?

मी न्हाणीघरात खालीच बसले. झाडाकडे गेलेला चेंडू गवतावर कसा सापडतो, हात कसा सुधारतो, सगळा उलगडा झाला. मला रडू फुटलं, आणि त्या म्हाताऱ्यासाठी आपण रडतोय याचाही राग आला. तोच बूट हातात घेऊन मी तणतणत सरांपुढे गेले.

"सर, हा डाग जात नाही."

त्यांनी बूट हातात घेतला, चष्मा वर करून बघितला. "राहू द्या."

"अण्णांचा खडू आहे हा."

सरांनी डागावरून अंगठा फिरवला. मी म्हटलं, "सर, याला कॉपी म्हणतात."

"हो," ते म्हणाले. "कॉपीच आहे. दुसरा शब्द नाही." मग बुटाची नाडी उगाच सरळ करत म्हणाले, "त्यांना चालायला लावायचंय, सूनबाई. रोज झाडाच्या मुळात अडकणारा माणूस दुसऱ्या दिवशी उठत नाही. मी बरीच मुलं बघितलीत तशी."

माझी जीभ काही ताब्यात राहत नाही. मी म्हटलं, "आणि स्वतःच्या मुलाच्या वेळी? तो नाही दिसला तुम्हाला तसा?"

सरांनी बूट खाली ठेवला. मग म्हणाले, "तेव्हा मला गोल्फ येत नव्हतं."

हे सगळं मी नवऱ्याला शब्दन् शब्द सांगितलं. आधी त्याचा चेहरा पडला, मग पांढरा झाला. "अगं, मी सेक्रेटरीला सांगून बसलोय! पकडले तर सरांचं नाव जाईल. आणि नाही सरकवला तर अण्णा…" दोन्ही बाजूंनी अण्णा खुर्चीतच जाणार होते. सर नसले तर ते मैदानावर पाऊल टाकणार नाहीत, आणि शेवटचे आले तरी टाकणार नाहीत. मी त्याला मनसोक्त बोलून घेतलं. शेवटी तो म्हणाला, "सामन्याला आपणही जाऊ."

सामन्याच्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. सर आणि अण्णा जोडीने खेळणार होते, आणि त्यांच्या मागोमाग, बरोबर सरांच्या बुटांवर डोळे लावून, दाताचे डॉक्टर. सर डावीकडे वळले की डॉक्टर डावीकडे. सर थांबले की डॉक्टर थांबले. जन्मात पहिल्यांदा घारीवर कुणीतरी घिरट्या घालत होतं. नवरा आणि मी बघे म्हणून मागून चालत होतो. मी इतकी घाबरले होते की पर्समधल्या खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी एकटीने संपवली.

अण्णा बरे खेळत होते. बरे म्हणजे त्यांच्या मानाने. फलकावर नर्सबाई सगळ्यांच्या फटक्यांची बेरीज लावत होत्या, आणि तळाशी अण्णा, त्यांच्या किंचित वर सर आणि भांड्यांचे दुकानदार, असे तिघे दाटीवाटीने बसले होते. शेवटून तिसऱ्या भोकाला अण्णांनी जोरात मारला आणि चेंडू वाकडा होऊन उंचवट्यापलीकडे झाडांत गेला. तीच झाडं, तीच मुळं. अण्णा आपली चाकांची पिशवी ओढत चढ चढायला लागले. त्यांना वेळ लागणार होता. आम्ही बाकीचे आधी पोचलो.

चेंडू मुळांच्या बेचक्यात असा घट्ट बसला होता, की तिथून काढायला चार-पाच फटके तरी गेलेच असते. सर चेंडूकडे बघत होते. डॉक्टर सरांच्या बुटाकडे बघत होते. सरांचा पाय जरासा हलला आणि पुन्हा जागेवर आला. त्यांच्या कपाळावर घाम होता. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, पण ते असहाय दिसू शकतात हे मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात नवरा पुढे झाला. "डॉक्टर, माफ करा, पण ही दाढ सकाळपासून ठणकतेय. जरा बघता का?"

"इथे? सामना चालू आहे."

"आई गं!" असं म्हणून नवऱ्याने त्यांच्यासमोर हे एवढं तोंड उघडलं. दाताच्या डॉक्टरपुढे कुणी तोंड उघडलं की त्याला आत बघावंच लागतं, त्याचा इलाज नसतो. डॉक्टरांनी मान वाकवली. "उजेडाकडे करा," असं म्हणत नवऱ्याला हनुवटीला धरून फिरवलं, आणि त्यांची पाठ आमच्याकडे झाली.

आता सरांनी पाय लावायचा, एवढंच उरलं होतं. पण त्यांना काही हलवेना. ते मुलाकडे बघत राहिले होते. तो पोरगा तोंड वासून उभा होता आणि एका डोळ्याने बापाला खुणावत होता, लवकर, लवकर. मी सरांकडे बघितलं, सरांनी माझ्याकडे बघितलं. आणि मग घारीने काय केलं? घारीने पाठ फिरवली. सरळ, पूर्ण, हात मागे बांधून, आकाशातले ढग मोजत उभे राहिले.

मी चप्पल घातली होती. नेम धरला आणि चेंडूला असा काही पाय दिला की तो टुणकन उडून मोकळ्या गवताच्या मधोमध जाऊन पडला. जरा जास्तच गेला. मी पदर सावरून अशी उभी राहिले, जसं मला फुलपाखरं बघायला बोलावलंय.

"दाढ तर ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले.

"हो? मग आता थांबली असेल," नवरा म्हणाला, आणि जबडा चोळायला लागला.

अण्णा वर आले, धापा टाकत. झाडांकडे बघितलं, मग गवताकडे. "वा! नशीब म्हणायचं," असं म्हणून त्यांनी काठी घेतली आणि मारला. आणि तो फटका, काय सांगू, मला यातलं काही कळत नाही, पण तो चेंडू झेंड्याच्या दिशेने गेला आणि कुणी हाक मारल्यासारखा झेंड्याशी जाऊन थांबला. नवऱ्याने शीळ घातली. माझ्या तोंडून "अगंबाई!" निघून गेलं. त्यात कुणाच्या पायाचं काही नव्हतं, ते सगळं अण्णांच्या डाव्या हाताचं होतं.

मी भान हरपून बघत असताना सर शेजारी येऊन उभे राहिले. पुढे बघतच, ओठ न हलवता म्हणाले, "सूनबाई, चपलेला खडू लागलाय. पुसून टाका." परीक्षेच्या वर्गात पुढे बघत कसं बोलायचं हे त्यांना पोरांनीच शिकवलं असणार. मी गवतात पाय घासले.

अण्णा शेवटचे आले नाहीत. शेवटचे आले सर. शेवटच्या भोकाला चेंडू वीतभर अंतरावर असताना त्यांनी तो दोनदा हुकवला. "ऊन डोळ्यांवर आलं," म्हणाले. ऊन त्यांच्या पाठीमागे होतं. लोकांनी सरांसाठी टाळ्या वाजवल्या, जरा जास्तच, आणि सर असे ताठ उभे राहिले की जसं पहिलं बक्षीस घेतायत. त्या दिवशी जेवताना नवऱ्याने मिठाचं भांडं उचललं आणि न विचारता सरांपुढे ठेवलं. सर म्हणाले, "शाई खरंच संपली होती का रे?" नवरा म्हणाला, "नाही, सर." दोघेही जेवायला लागले.

इथे गोष्ट संपली असं मला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा दाराशी बसून चेंडूवर फुली गिरवत होते. मी शेजारी चहा ठेवला. मान वर न करता ते म्हणाले, "पोरी, तुझा पाय फार जड आहे. सरांचा कसा, चेंडूलासुद्धा कळत नाही."

मी तिथेच दाराशी बसले. "अण्णा! तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, मेणाचा खडू आहे. फुली पुसलेली असली की मला कळणारच. मी तर मुद्दाम जाड लावतो. काल तुझी चप्पलही निळी झाली होती."

"मग बोलला का नाहीत? आणि ते हात सुधारतोय वगैरे?"

"बोललो असतो तर ते थांबले असते." अण्णांनी फुलीवर फुंकर मारली. "बिचाऱ्याने जन्मभर दुसऱ्यांच्या कॉप्या पकडल्या. आत्ता या वयात त्याला स्वतः कॉपी करायची गोडी लागलीय. किती खूश असतो माहितेय झाडातून बाहेर येताना? मी घरी बसलो तर तो कुणासाठी करणार? म्हणून मी जातो बापडा रोज."

तेवढ्यात फाटकातून सरांचा आवाज आला, नेहमीचा, वर्गात शिरतानाचा.

"व्याही, उशीर होतोय! आणि आज खडू जरा कमी लावा. बूट कालच धुतलेत."